दोन बॅटऱ्यांची जीप

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की सासरच्या अंगणात म्हैस आहे. येऊन पाहते तर अंगणात जीप. सरकारी लिलावातली, उजवा दिवा फुटका, टपावर दोन भोंगे आणि मागच्या बाकावर माईकसेटचं मशीन. म्हशीचं काय झालं, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "हीच म्हैस. सकाळ-संध्याकाळ हिचंच करा लागते." त्या दिवशी मला फार राग आला होता. पुढे कळलं की माणूस खोटं बोलला नव्हता.

गाव आमचं मेडशीच्या पलीकडे, आतल्या अंगाला. तेव्हा हा सगळा मुलुख अकोला जिल्ह्यात धरत. मोठा दुष्काळ सरून थोडी वर्षं झाली होती, लोक पुन्हा धूमधडाक्यात लग्नं करू लागले होते, आणि लग्न म्हटलं की माईक हवाच. माझा नवरा आधी कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होता. हंगाम संपला की काम संपायचं, म्हणून त्यानं ही जीप घेतली आणि पंचक्रोशीत माईकवाला झाला. लग्न, बारसं, सप्ता, सिनेमाच्या तंबूची दवंडी, जे मिळेल ते. मी घरी बसून काय करू, म्हणून मीही सोबत जाऊ लागले. रेकॉर्ड बदलणं, वायरी गुंडाळणं, 'नवरदेवाच्या मामांनी मंडपात यावं' असं चार वेळा सांगणं, ही माझी कामं. बायको माईकवर बोलते म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग त्यांनाच सवय झाली.

जीपचं दुखणं मात्र एकच होतं. बॅटरी एक आणि खाणारी तोंडं दोन. इंजिन त्याच बॅटरीवर सुरू व्हायचं, मशीनही तिच्यावरच चालायचं. गाडी रस्त्यानं जोरात पळाली की इंजिनाजवळचा डायनॅमो बॅटरी भरून काढतो. माणसाच्या चालीनं गाडी चालली की तो नुसता फिरतो, देत काहीच नाही. आणि आमचं काम तर सगळं माणसाच्या चालीचं. वरातीपुढे दोन तास भोंगा वाजवला की बॅटरी रिकामी. मग वऱ्हाडी जेवून सुस्तावलेले, पानं चघळत बसलेले, आणि आम्ही त्यांच्यापुढे हात जोडून उभे, "जरा धक्का द्या भाऊ." इंझोरीच्या एका लग्नात तर कोणीतरी म्हणालंही, "माईकवाल्याले आधी जेऊ घाला, नाई तं मंग ढकलाले आपल्यालेच लावते." मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्यानं निवांतपणे बुंदी खाल्ली.

तरी दुसऱ्या बॅटरीचा विषय आमच्या घरात निघाला तो या फजितीमुळे नाही. तो निघाला सासूबाईंमुळे.

सासूबाई गाणाऱ्या होत्या. शिकलेल्या नव्हत्या, पेटी-तबला माहीत नव्हता. जात्यावर बसून जी ओवी येते, तिच्याच चालीवर त्या आपले शब्द बसवत. घरातल्यांनी धम्म घेतला तेव्हा जुन्या ओव्यांतले देव त्यांनी काढून टाकले आणि त्या जागी विहीर, शाळा, पाटी असं काय काय आणून ठेवलं. गाताना डोळे घट्ट मिटलेले असायचे आणि उजवा हात गोल फिरत असायचा, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. जातं समोर नसलं तरी हात फिरायचाच.

आमच्या वस्तीतली एप्रिलातली जयंतीची मिरवणूक तोवर गावाबाहेरून, नाल्याच्या काठानं जायची. गावाची मधली गल्ली पारापासून वेशीपर्यंत सरळ जाते. त्या गल्लीतून सासूबाई उभ्या जन्मात हजार वेळा गेल्या असतील, पण डोक्यावर भारा घेऊन, खाली मान घालून, तोंड बंद ठेवून. त्या साली गावात बैठक झाली, आमच्यातले शिकलेले चार जण हट्टाला पेटले, आणि शेवटी पाटील म्हणाले की गल्लीतून जा, पण कुठं थांबायचं नाही. थांबलात तर पुढल्या साली पुन्हा नाल्याकाठून. पाटील तसे वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते. फक्त आमच्या हातून काही घ्यायचं झालं की ते 'ठेव तिथं' म्हणायचे, आणि आम्ही ओट्याच्या कडेला ठेवायचो.

बातमी घरी आली तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "त्या गल्लीत मीच म्हननार. पारापासून तं वेशीपर्यंत एक गानं. आन् मंधात तुटलं नाई पायजे. तुमचा तो भोंगा मंधात मेला, तं मले पुन्हा बलावू नका."

नवरा म्हणाला, "नाई मरत, माय."

"तुये भोंगे लय लग्नात मेलेले पाह्यले मी," त्या म्हणाल्या.

झालं. दुसरी बॅटरी घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरलं. ती घेतलीही. पण घेतल्यावर खरं दुखणं सुरू झालं, ते म्हणजे तिला भरायचं कसं आणि जोडायचं कसं. यावर आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी मुलांच्या नावांवरूनही झाली नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. जाड तारेनं दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडून टाकायच्या. "एका जुवाले दोन बैल," तो म्हणाला. मला ते पटेना. आमच्या घरात पाण्याचे दोन रांजण होते, एक पिण्याचा, एक वापरायचा. ते नळीनं एकमेकांना जोडले तर काय होईल? धुणं धुता धुता पिण्याचं पाणीही संपेल. मी हे बोलून दाखवलं तर म्हणतो कसा, "बॅटरी म्हंजे रांजन नाई." म्हटलं, रिकामी होते ना? मग रांजणच.

त्याच्या डोक्यात आणखी एक होतं. दुसरी बॅटरी जीपला लावायचीच नाही. वाशिमला चार्जिंगवाल्याकडे ठेवून भरून आणायची, मशीनला जोडायची, संपली की परत न्यायची. एकदा तसं करूनही पाहिलं. येताना एसटीच्या कंडक्टरनं बॅटरी पाहिली आणि आम्हाला दोघांनाही खाली उतरवलं. तेजाब सांडलं तर पासिंजरांच्या धोतरांना भोकं पडतील, म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. गुडघ्याखाली भोक नाही अशी माझ्या नवऱ्याची एकही पँट नव्हती. मग एका तूर भरलेल्या ट्रकवर बसून आम्ही घरी आलो. मी रस्ताभर बॅटरी मांडीशी धरून बसले होते.

वाशिमच्या चार्जिंगवाल्या चाचांनी मग तिसरा उपाय दिला. एक छोटी डबी. डायनॅमो बॅटरी भरायला लागला की ती आपोआप दोन्ही बॅटऱ्या जोडते, थांबला की आपोआप तोडते. "भाभी, इसकू हात भी नै लगाना पडता," असं म्हणून त्यांनी ती माझ्याच हातात ठेवली. नवरा तर तिच्या प्रेमातच पडला. घरी आल्यावरही ती डबी तो खिशातून काढून पाहायचा.

किन्हीराजाच्या एका लग्नात आम्ही ती लावून पाहिली. नवरदेवाला घेऊन जीप हळूहळू मंडपाकडे चालली होती. डायनॅमो धड भरेना, धड थांबेना. डबी बिचारी जोडायची, तोडायची, जोडायची, तोडायची. आणि प्रत्येक वेळी वर भोंग्यातून टक, टक, टक. मंडपात बौद्धाचार्य वंदना म्हणायला उभे राहिले, त्यांनी माईक हातात घेतला, तरी बाहेर इंजिन सुरूच होतं आणि टकटकही सुरूच. सगळा मंडप वर भोंग्याकडे पाहू लागला. एका म्हातारीनं विचारलं, "सुतार पक्षी बसला का वं वर?" मी तोंडात पदर कोंबला. बौद्धाचार्य मात्र हसले नाहीत आणि नवराही हसला नाही. डबी त्यानं त्याच दिवशी काढली.

शेवटी जे लावलं ते जिनिंगच्या भंगारातून आलं. तिथे मोटारीचा एक जुना खटका पडून होता. चिनीमातीची पाटी, बोटभर रुंद तांब्याची दोन पाती आणि वर लाकडी मूठ. मूठ खाली पाडली की दोन्ही बॅटऱ्या एक. वर उचलली की दोघी वेगवेगळ्या, एक इंजिनाची, दुसरी मशीनची. रस्त्यानं पळताना पाडून ठेवायचा, म्हणजे दोन्ही भरतात. माईक सुरू केला की उचलायचा, म्हणजे मशीननं कितीही खाल्लं तरी इंजिनाची भाकर शाबूत. आणि अडचणच आली तर पाडून दोघींच्या जोरावर इंजिन सुरू करायचं. फक्त त्या क्षणी मशीनचा आवाज जाणार, कारण इंजिनाचा सेल्फ एका झटक्यात सगळी ताकद ओढून घेतो.

"हे आपोआप होत नाई. कोनाले तं हात लावा लागीन," नवरा कुरकुरला.

"मी लावतो ना हात," मी म्हटलं. आमच्याकडे बाया अशाच बोलतात, 'मी जातो, मी करतो'. "तुमच्या डबीपेक्षा माह्यं डोकं बरं."

खटका मागच्या बाकाशेजारी, मशीनच्या बाजूला ठोकला. पुढचा महिनाभर चार लग्नं केली आणि एकदाही कोणाला 'धक्का द्या भाऊ' म्हणावं लागलं नाही. नवरा तेव्हापासून तो खटका स्वतःच्याच डोक्यातून निघाल्यासारखा सगळ्यांना दाखवू लागला. मी म्हटलं, दाखवू दे.

जयंतीच्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर चटका. दुपार कलल्यावर मिरवणूक निघाली. पुढे लेझीमवाली पोरं आणि पुरुषमाणसं, मग जीप, आणि जीपच्या मागे पांढरी लुगडी नेसलेल्या आमच्या बाया. जीपच्या तोंडावर, इंजिनाच्या जाळीपुढे, तसबीर बांधली होती. टपावर निळे झेंडे. मागच्या बाकावर मागे तोंड करून सासूबाई माईक घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मी, आणि माझा हात खटक्याच्या मुठीवर. बॅटऱ्या दोन्ही भरलेल्या होत्या. मी सकाळी तीन वेळा पाहून घेतलं होतं.

आमच्या वस्तीत जीप दर दारापुढे थांबत थांबत चालली. दर घरातून एक हार. झेंडूचा, कागदाचा, एका घरातून तर रंगीत दोऱ्यांचा. कोणाचा हार नको म्हणणार? एकावर एक चढत गेले. तसबिरीभोवती हारांचा ढीग झाला आणि तो खाली पार बंपरापर्यंत लोंबू लागला. सगळे म्हणाले, काय शोभा आली आहे. मीही म्हणाले.

पारापाशी सासूबाईंनी डोळे मिटले आणि सुरू केलं:

"पयली माही ओवी गं, लेकीच्या पाटीले,
अक्षर उगवलं, काळ्या या मातीले..."

आजवर मी त्यांचं गाणं चुलीपुढे ऐकलं होतं, शेतात ऐकलं होतं. त्या दिवशी ते भोंग्यातून निघून दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून परत येत होतं. घराघरांतून माणसं बाहेर आली होती. उन्हात माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

गल्लीच्या मध्यावर थोडा चढ आहे. चढाला लागूनच पाटलांचं घर आणि त्यांचा लांबलचक ओटा. पाटील ओट्यावर बसले होते. जीप बरोबर तिथे आली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

बॅटरीचा आम्ही इतका विचार केला होता, हवेचा कोणीच केला नव्हता. हारांनी जाळी पार झाकली होती, आत वारा जायला जागा नव्हती, आणि त्या उन्हात माणसाच्या चालीनं चालून इंजिन उकळलं होतं. नवऱ्यानं सेल्फ मारला. कुर्र, कुर्र. पुन्हा मारला. तापलेलं इंजिन काही घेईना. पाच-सहा वेळा मारता मारता इंजिनाची बॅटरी बसली आणि नुसतं टक झालं. जीपला पुढून हँडल मारायची सोय होती, पण हँडलचं भोक तसबिरीच्या मागे. हार काढायचे, तसबीर सोडायची, तीही त्या दारापुढे? कोणाची छाती होती?

पुढची पोरं लेझीम खेळत पुढे निघाली होती. भोंगा वाजतच होता, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. सासूबाई डोळे मिटून गातच होत्या. आणि ओट्यावरून पाटील आमच्याकडे पाहत होते.

नवऱ्यानं मान मागे वळवली. घामानं निथळत होता. "पाड," तो म्हणाला. "खटका पाड!"

खटका पाडला तर दुसरीच्या जोरावर कदाचित गाडी सुरू झाली असती. कदाचित. गाणं मात्र नक्की गेलं असतं, गल्लीच्या मध्यात, त्याच ओट्यापुढे. नाही पाडला तर मिरवणूक थांबली, आणि ठरलेलं मोडलं.

"नाई पाडत," मी म्हटलं.

"येडी झाली का वं तू?"

"गाडी ढकलता येते. गानं नाई ढकलता येत."

असं म्हणून मी मागच्या बायांना हातानंच खूण केली. त्यांना समजायला वेळ लागला नाही. आमच्या जीपला ढकलणं हे काही कोणाला नवीन नव्हतं. सात-आठ जणींनी पदर खोचले आणि मागून हात लावला. गाडी हलली, बोटभर चढली आणि परत मागे आली. चढ होता, वरून भोंगे, मशीन, दोन बॅटऱ्या आणि आम्ही. पुन्हा लावला जोर. तेवढीच.

मग ओट्यावरून आवाज आला. "आरे थांबू नका ना! न थांबाचं ठरलं व्हतं!"

पाटील पायऱ्या उतरून येत होते. मला वाटलं, आता आपलं भांडणच होणार. ते तरातरा आले, जीपच्या मागे, आमच्या बायांच्या शेजारी उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला आणि दोन्ही हात जीपच्या मागच्या फळीला लावले. सासूबाईंच्या पायांपासून वीतभर अंतरावर. "लावा जोर," ते म्हणाले. त्यांचे दोन गडी धावत आले आणि त्यांनीही हात लावला. गाडी चढ चढली.

पुढे वेशीपर्यंत उतारच होता. पाटील चढ संपल्यावर थांबले, हात झटकले आणि मागे वळून आपल्या घराकडे चालू लागले. त्यांनी आम्हाला पुढे काढलं की आपल्या दारातून हटवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. नवरा नुसतं स्टिअरिंग धरून बसला होता. सासूबाईंचा हात गोल फिरत होता. शेवटची ओवी वेशीपाशी संपली.

तिथे लिंबाच्या सावलीत जीप उभी केली. सासूबाईंनी डोळे उघडले, गटागटा पाणी प्यायल्या आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज गाडी लय गुमान चालली रे बापू. इंजनाचा आवाजच नाई. मले मंधातच समजलं. म्हटलं, आता दुसऱ्या बॅटरीवर चालून राह्यली. माह्या गान्यासाठीच आनली ना तुमी ते?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं काही सांगितलं नसतं, इतकं मी त्याला ओळखत होते. पण मला ते पोटात ठेववेना.

"आत्याबाई, गाडी बंद पडली व्हती," मी म्हटलं. "पाटलाच्या दारात. ढकलत आनली."

"कोनं ढकलली?"

मी बायांची नावं घेतली. त्या एकेका नावाला मान हलवत होत्या. मग मी पाटलांचं सांगितलं.

त्या हातातला गडवा तसाच धरून बसल्या. "हात लावला त्यानं?" त्यांनी विचारलं. "आपल्या गाडीले?"

"दोन्ही हात. तुमच्या पायापाशी."

पोरं परत आली होती, त्यांचा गलका चालला होता, कोणी गूळ वाटत होतं. मला वाटलं, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. उलट चिडल्या, आणि चिडल्या त्या माझ्यावर.

"आन् मले सांगतलं नाई तू? एक चिमटा तं काढाचा व्हता मले."

"गानं तुटलं असतं ना."

"तुटलं असतं तं तुटलं असतं," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं झाले, पोरी. मले पाहाचं व्हतं."

पुढच्या जयंतीलाही जीप त्याच गल्लीतून गेली. तसबीर नवऱ्यानं वर टपावर बांधली, जाळी मोकळी ठेवली, आणि इंजिन तक्रार न करता चाललं. खटका माझ्याच हाताशी होता, त्याला हात लावावा लागला नाही. सासूबाईंनी पारापासून वेशीपर्यंत पुरी गल्ली डोळे उघडे ठेवून गाणं म्हटलं. चढाशी आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. ओट्यावर कोणी नव्हतं, दार लावलेलं होतं. त्या दाराकडे पाहतच त्या गात राहिल्या, आणि गाणं तुटलं नाही.